तारीख नसलेलं दुःख

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरची मंडळी समोर बसली आहेत. त्यांना माझा नमस्कार. गुरुजी गेले त्याची तिथी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून दरवर्षी त्या सुमारास हा मांडव पडतो. मी आज ज्या घरांविषयी बोलणार आहे, त्यांच्याकडे अशी तिथी नाही. माणूस परमुलखात अडकला, तुरुंगात पडला किंवा नाहीसाच झाला. तो गेला असं म्हणवत नाही आणि आहे असं छातीठोक सांगता येत नाही. या दुःखात श्रद्धेचं काय होतं, हे मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

आपल्याकडे मरणाला रीत आहे. खांदा द्यायला माणसं येतात, तिसऱ्या दिवशी राख सावडतात, दहावा होतो, तेरावा होतो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, तर शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येते. मुसलमानांच्या घरी जनाजा उठतो, तीन दिवस शोक पाळतात, बऱ्याच घरांत चाळिसावा करतात. ख्रिस्ती घरात प्रार्थना होतात. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील घेऊन पुण्यानुमोदन होतं. धर्म कोणताही असो, दुःखाला त्याने तारीख लावून दिली आहे. त्या तारखा उलटल्या की गाव तुम्हाला हळूहळू कामाला लावतं. आता पेरणीचं बघा, पोराच्या फीचं बघा, असं लोक म्हणू लागतात, आणि तेव्हा त्याचा राग येत नाही.

बेपत्ता माणसाचा विचारही आपल्या जुन्या लोकांनी केला होता. बारा वर्षं वाट पाहावी आणि मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा पालाशविधी धर्मशास्त्रात सांगितलेला आहे. आपल्या भागात पळसाला तोटा नाही. पण मला विचाराल तर त्या विधीतला पुतळा मला कमी भिडतो, त्याच्या आधीची बारा वर्षं जास्त भिडतात. वाट पाहण्याचा एवढा मोठा काळ शास्त्राने मान्य केला, आईला घाई केली नाही. कायदा तर सात वर्षांनीच मृत्यू गृहीत धरू देतो.

आता एका आईकडे येतो.

कुलभूषण जाधव हे नाव तुम्हाला माहीत आहे. भारतीय नौदलातले माजी अधिकारी, मुंबईच्या पवईत घर, वडील मुंबई पोलिसांत अधिकारी होते. मार्च 2016 मध्ये पाकिस्तानने त्यांना पकडल्याचं जाहीर केलं. पाकिस्तान म्हणतं बलुचिस्तानात पकडलं, भारत म्हणतो इराणमधून पळवून नेलं. 10 एप्रिल 2017 रोजी तिथल्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्याची बातमी आली. खटल्यात भारताच्या वकिलातीला एकदाही भेटू दिलेलं नव्हतं. 1963 च्या व्हिएन्ना करारातलं छत्तिसावं कलम हा हक्क देतं. परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या देशाच्या प्रतिनिधीला भेटता आलं पाहिजे, एवढंच ते सांगतं. त्याच एप्रिलमध्ये जाधवांच्या आईचा अर्ज भारताच्या उच्चायुक्तांनी इस्लामाबादेत नेऊन दिला. उच्चायुक्त होते गौतम बंबावाले, पुण्याचे.

तो हेर होता का, या प्रश्नात मी शिरणार नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तो प्रश्न सोडवला नाही. आरोप केवढाही मोठा असो, आरोपीला वकील मिळाला पाहिजे, त्याचं म्हणणं उघड ऐकलं गेलं पाहिजे आणि घरच्यांना तो कुठे आहे हे कळलं पाहिजे. यातलं काही नसेल तर त्याला न्याय म्हणता येत नाही, मग ते कुठलंही राष्ट्र असो.

25 डिसेंबर 2017. इस्लामाबादच्या परराष्ट्र मंत्रालयात आई आणि पत्नी यांना भेटीसाठी नेलं. आत जाण्याआधी दोघींची मंगळसूत्रं काढायला लावली, बांगड्या काढायला लावल्या, कपाळावरची टिकली काढायला लावली. आई कायम साडी नेसणारी, तिला सलवार-कुडता घालायला लावला. पत्नीच्या चपला काढून घेतल्या, त्या परत दिल्याच नाहीत. मध्ये काच होती. बोलायचं ते यंत्रातून. आई मुलाशी मराठीत बोलू लागली की तिला थांबवत होते. हे सगळं भारत सरकारने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं आणि 28 डिसेंबरला सुषमा स्वराज यांनी संसदेत सविस्तर सांगितलं.

त्यांच्या निवेदनातली एक गोष्ट मात्र मला आजही सोडत नाही. काचेपलीकडच्या मुलाने आईचं मोकळं कपाळ आणि मोकळा गळा पाहिला, आणि त्याने पहिला प्रश्न केला तो वडिलांविषयी. बाबा कसे आहेत? त्याला वाटलं, बाबा गेले.

इथे बसलेल्या प्रत्येक बाईला आणि माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या मुलखात मुलगा आईच्या कपाळाकडे बघून वडिलांची खुशाली ओळखतो. पहारेकऱ्यांना ते सोनं आणि काच दिसली असेल. त्यांनी काढून घेतली ती खूण होती. जो माणूस दीड वर्षाहून जास्त काळ कैदेत एकटा होता, त्याच्या वाट्याला क्षणभर का होईना, वडिलांचं खोटं मरण आलं. आईला ते हाताने पुसता येईना, मध्ये काच, आणि धीर द्यायचा तो परक्या भाषेत. मी अन्यायाच्या पुष्कळ गोष्टी वाचल्या आहेत, पण इतक्या थोड्या जागेत इतकं क्रौर्य क्वचित पाहिलं.

17 जुलै 2019 रोजी हेगच्या न्यायालयाने पाकिस्तानने करार मोडल्याचा निकाल दिला, फाशीची स्थगिती कायम ठेवली, आणि लष्करी न्यायालयाच्या निकालाचा फेरविचार करायला सांगितलं. भारताच्या बाजूने एक रुपया मानधनावर उभे राहिले ते हरीश साळवे, मूळचे नागपूरचे. त्यानंतरही जाधवांची सुटका झालेली नाही.

आता दुसरी आई. हीसुद्धा मुंबईचीच. फौजिया अन्सारी, हिंदीच्या प्राध्यापिका. त्यांचा मुलगा हमीद, शिकला-सवरलेला तरुण. नोव्हेंबर 2012 मध्ये नोकरीसाठी म्हणून काबूलला गेला आणि तिथून फोन यायचे बंद झाले. पाकिस्तानातल्या कोहाटच्या एका मुलीशी त्याची इंटरनेटवर ओळख झाली होती. ती संकटात आहे असं त्याला वाटलं आणि तो अफगाणिस्तानातून, व्हिसा नसताना, खोटं ओळखपत्र घेऊन सीमा ओलांडून गेला. कोहाटच्या हॉटेलात त्याला पकडलं. हमीदने कायदा मोडला, यात शंका नाही, आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ते कधी लपवलं नाही. त्यासाठी खटला चालवून शिक्षा झाली असती तर मी आज त्याचं नाव घेतलं नसतं. पण तीन वर्षं तो कुठे आहे हेच कुणी सांगेना. जानेवारी 2016 मध्ये पेशावर उच्च न्यायालयात सरकारी बाजूने कबूल केलं की तो लष्कराच्या ताब्यात आहे. लष्करी न्यायालयाने त्याला डिसेंबर 2015 मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली होती आणि आधीची तीन वर्षं त्यात धरलीच नाहीत. शिक्षा तीन वर्षांची, भोगली सहा वर्षं.

फौजियाबाईंनी काय केलं? त्या प्राध्यापिका, यजमान बँकेतले. ना ओळखी, ना पैशांचा डोंगर. त्यांनी अर्ज लिहिले. दिल्लीला लिहिले, इस्लामाबादला लिहिले, तिथल्या न्यायालयांना आणि आयोगांना लिहिले. मुंबईचे पत्रकार जतीन देसाई त्यांच्या बाजूने उभे राहिले. पेशावरमध्ये काझी मुहम्मद अन्वर आणि रक्षंदा नाझ या वकिलांनी भारतीय कैद्याचं वकीलपत्र घेतलं. दोन्ही देशांत गोळीबार चालू असताना, तिथल्या शहरात हे काम करणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

मी मघा श्रद्धेविषयी बोलेन म्हणालो. कुराणात याकूब आणि यूसुफ यांची कथा आहे, बायबलमध्येही ती योसेफाची म्हणून येते. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात आणि रक्ताने माखलेला सदरा बापापुढे आणून ठेवतात, लांडग्याने खाल्ला म्हणून सांगतात. कुराणातला याकूब त्या सदऱ्यावर विश्वास ठेवत नाही. तो रडतो, इतका की त्याची दृष्टी जाते, पण मुलगा मेला हे कबूल करत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तो उरलेल्या मुलांना सांगतो की जा, यूसुफचा शोध घ्या, आणि देवाच्या दयेची आशा सोडू नका. ही कथा मी पुन्हा वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिथला सबर, धीर, हा हात जोडून बसलेल्या माणसाचा नाही. तो आलेला पुरावा नाकारतो आणि दुसऱ्यांना शोधायला पाठवतो. फौजियाबाई नमाज पढणाऱ्या घरातल्या, ही कथा त्यांनी लहानपणापासून ऐकली असणार. ‘आम्हाला काही माहिती नाही’ असं छापील उत्तर येत राहिलं, तो त्यांच्या पुढ्यातला सदरा होता. तो त्यांनी घेतला नाही.

हीच गोष्ट आपल्या वारकरी परंपरेतही आहे, फक्त सूर वेगळा. नामदेवांचं नर्सी इथून जवळ, जनाबाईंचं गंगाखेड थोडं पुढे. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोडवरून जाते, त्यामुळे हे बोलणं तुमच्या कानावरचं आहे. देवाने नैवेद्य खाल्ल्याशिवाय हलणार नाही म्हणून अडून बसलेला बाळ नामदेव, आणि विठ्ठलाला घरच्या माणसासारखी खडसावणारी जनी, यांना कुणी नास्तिक म्हटलं नाही. आपल्याकडे देवाशी भांडणं हा भक्तीतलाच हक्क आहे. दुःखातल्या माणसाला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करणारे लोक या परंपरेला पारखे झाले आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाने केलेल्या अन्यायाला देवाची इच्छा म्हणणं, हे देवावर आळ घेणं आहे.

परत फौजियाबाईंकडे. या कथेत आणखी एक मुलगी आहे, तिचं नाव झीनत शहजादी. लाहोरची तरुण पत्रकार. हमीदच्या आईची तिने कधी भेट घेतलेली नव्हती. बातमी वाचून तिने फौजियाबाईंशी संपर्क साधला, त्यांच्याकडून मुखत्यारपत्र मिळवलं आणि पाकिस्तानात बेपत्ता लोकांच्या चौकशी आयोगापुढे हमीदचं प्रकरण नेलं. ऑगस्ट 2015 मध्ये लाहोरच्या रस्त्यावरून तिलाच उचलून नेलं. दुसऱ्याच्या बेपत्ता मुलाला शोधणारी मुलगी स्वतः बेपत्ता झाली. पुढच्या मार्चमध्ये तिच्या धाकट्या भावाने आत्महत्या केली. बहिणीची वाट बघणं त्या पोराला सोसलं नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये ती अफगाण सीमेच्या भागात सापडल्याचं आयोगाच्या प्रमुखांनी जाहीर केलं. म्हणजे लाहोरच्या एका आईने मुंबईच्या आईसाठी लेक दोन वर्षं गमावली आणि मुलगा कायमचा गमावला.

हमीद 18 डिसेंबर 2018 रोजी वाघा सीमेवरून परत आला. अटारीच्या बाजूला आईवडील उभे होते. आपल्या वर्तमानपत्रांत ते फोटो मोठे छापून आले आणि यायलाच हवे होते. झीनतच्या भावाविषयी मात्र आपण फार कमी वाचलं. परदेशातल्या अन्यायाविषयी आपण बोलतो तेव्हा तो सगळा देशच अन्यायी, असं पटकन म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. हमीदला गायब करणारी व्यवस्था तिथली होती, आणि त्याच्यासाठी भाऊ गमावलेली मुलगीही तिथलीच. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगता आल्या पाहिजेत.

सगळ्यांना परतीचा दिवस लाभत नाही, आणि लाभला तरी कसा लाभतो ते बघा. कॅप्टन सुनील जेम्स, मालाडचे. जुलै 2013 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, टोगोजवळ, त्यांच्या जहाजावर चाच्यांनी हल्ला केला. कॅप्टन तक्रार द्यायला टोगोच्या बंदरात गेले, तर चाच्यांना सामील असल्याच्या संशयावरून त्यांनाच तुरुंगात टाकलं. 2 डिसेंबरला त्यांचं अकरा महिन्यांचं बाळ मुंबईत गेलं. बाप येईपर्यंत अंत्यविधी करायचा नाही, असं घरच्यांनी ठरवलं. मुलाचा देह शवागारात आणि बाप टोगोच्या कोठडीत, असे दोन आठवड्यांहून जास्त दिवस गेले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुटून ते आले आणि मग बाळाला निरोप दिला. या माणसाने गुन्हा केला नव्हता, गुन्ह्याची वर्दी दिली होती.

आणि पालघर जिल्ह्यातले आदिवासी खलाशी. गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात, समुद्रात आखलेली रेष कुणाला दिसत नाही, आणि बोट पकडली की कराचीच्या तुरुंगात. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. मार्च 2024 मध्ये डहाणूकडचा एक खलाशी तिथे तुरुंगात मरण पावला. त्याचा देह पाड्यावर पोहोचायला मे उजाडला. शिक्षा संपलेली माणसंही तिथे वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांच्यासाठी कुणी हेगला गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबईचं, समुद्राकाठचं. वाशीम जिल्ह्यात ना बंदर ना विमानतळ. पण आपल्या सोयाबीनला भाव मिळाला नाही, हळद बाजारात पडून राहिली, की घरातलं पोर काय म्हणतं ते तुम्हाला माहीत आहे. बाहेर जातो. पुण्याला जातो म्हणणारं पोर आता दुबईला जातो, मर्चंट नेव्हीत जातो म्हणतं. म्हणून शेवटचा प्रसंग सांगतो. यात परदेशातल्या अन्यायाच्या अगोदर घरच्या उंबऱ्यावरचा भ्रष्टाचार आहे.

2020 च्या सुरुवातीला ओमानच्या समुद्रात एका जहाजावरचे पाच भारतीय खलाशी इराणने पकडले. दोघे मुंबईचे होते. वयं विशी-तिशीतली, कुटुंबांनी एजंटाच्या हाती पैसे मोजून नोकरी मिळवलेली. जहाजाच्या कप्तानाने भर समुद्रात अमली पदार्थांचा माल चढवला आणि पकडले गेले तेव्हा पोरंही आत गेली. वर्षभराहून जास्त तुरुंग. मार्च 2021 मध्ये इराणच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. पण सुटून येणार कसे? कागदपत्रं जवळ नाहीत, खिशात पैसा नाही. निर्दोष ठरल्यानंतरही ती पोरं कित्येक महिने तिथेच अडकून पडली, आणि आईबाप इकडे मंत्र्यांच्या दारात. न्यायालयाने न्याय दिला होता, हे मी मुद्दाम सांगतो. अडवलं ते कागदाने.

अशा पोरांच्या घरी मी एक गोष्ट नेहमी पाहतो. बाप गप्प होतो आणि आई उपास वाढवते. सोमवार असतो, त्यात गुरुवार धरते, मग चतुर्थी. लोक हसतात, की उपासाने तुरुंग उघडतो का? मी हसत नाही. दिवस ओळखीचे राहावेत म्हणून ती आठवड्याला खुणा करत असते. तिच्या दुःखाला तारीख नाही, ती स्वतःच्या तारखा तयार करते. मात्र तिच्या उपासाशेजारी कुणीतरी अर्ज लिहायला बसलं पाहिजे. उपास एकट्या आईला करता येतो, अर्जाला गाव लागतं.

म्हणून संयोजकांपुढे माझी एक मागणी आहे, आणि ती मी आज ठरवून घेऊन आलो आहे. रिसोडच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ परदेशी जाणाऱ्यांच्या घरांसाठी राखून ठेवा. दोन शिक्षक आणि एक वकील बसले तरी पुरे. जाणाऱ्या पोराने एजंटाचं नाव आणि परवान्याचा क्रमांक तिथे दाखवावा. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या कायद्यानुसार केंद्राकडे नोंदणी करावी लागते आणि त्याच्या फीला मर्यादा आहे. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं तिला मनाई आहे. पाच लाख भरा, जहाजावर चढवतो, असं जो म्हणेल त्याला त्याच ठिकाणी दार दाखवा. पासपोर्टची, व्हिसाची, नोकरीच्या कराराची आणि खलाशी असेल तर सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीची, झेरॉक्स घरच्या ट्रंकेत राहिली पाहिजे, कारण मूळ कागद मालकाने काढून घेतले की तेवढाच पुरावा हातात उरतो. तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर आईच्या मोबाइलमध्ये तिच्याच हाताने भरून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर 2015 पासून तक्रार नोंदवता येते, ती कशी नोंदवायची हे गावातल्या दोन-चार पोरींना शिकवून ठेवा, त्या पोरांपेक्षा नेटाने पाठपुरावा करतील. आणि एखाद्या घरी फोन यायचा थांबला, तर पहिल्या आठवड्यातच पहिला अर्ज जाऊ द्या, दिल्लीला एक, दूतावासाला एक, पोलिस ठाण्यात एक, प्रत्येकाची पोच घेऊन. त्या पोचपावत्यांची फाइल वाचनालयाने सांभाळावी. ही संध्याकाळ कोणत्या वारी ठेवायची, ते आज इथून उठण्याआधी ठरवू.